बाबांची पद्मिनी रोज चालवता येईल का?

कोल्हापूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

‘माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची १९८८ची प्रीमिअर पद्मिनी आमच्या दारात आहे, स्टिअरिंगवर गिअर असलेली. मी राजारामपुरीत राहते आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी करते. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतात. मार्चपासून आठवड्यातून दोनदा मी तीच गाडी घेऊन जाते. उन्हात सिग्नलला ती बंद पडते आणि पंधरा मिनिटांनी काही न करता चालू होते. ब्रेक लावला की डावीकडे ओढते. रात्री सिग्नलला दिवे मिणमिणतात, अॅक्सिलरेटर दिला की उजळतात. धाकटे दीर म्हणतात, मारुतीचं इंजिन बसवून टाका. ऑफिसातले एक जण म्हणतात, व्हिंटेजचा नंबर घ्या. यजमान म्हणतात, रोजला नवी गाडी घेऊ, ही रविवारी फिरव. बाबांची एक डायरी गाडीत सापडली, तिच्यात प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर लिहिले आहेत. मला ही गाडी रोज चालवायची आहे. हा वेडेपणा आहे का?’

ताई, नमस्कार.

वेडेपणा अजिबात नाही. पण बाकी सगळं बोलण्याआधी एक विनंती आहे. ब्रेकचं काम होईपर्यंत गाडी महामार्गावर नेऊ नका. अगदी आठवड्यातून एकदासुद्धा नको. गोकुळ शिरगावला जायचं म्हणजे ट्रक आणि कंटेनरच्या मधून जायचं, आणि तुमच्या तक्रारींपैकी जिवावर बेतणारी एवढीच एक आहे. दिव्यांचं आणि बंद पडण्याचं नंतर बघू.

गाडी डावीकडे ओढते म्हणून मिस्त्री डावं चाक खोलायला बसतो. बहुतेक वेळा दुखणं उजवीकडे असतं. डावं चाक आपलं काम नीट करत असतं, उजवं धरतच नसतं, म्हणून गाडी धरणाऱ्या बाजूला वळते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. उजव्या पुढच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबानं ब्रेक शू ढकलणारा भाग) जाम झाला असेल, शूच्या लायनरवर तेल उतरलं असेल, किंवा रबरी होज आतून फुगून तेलाची वाट अडली असेल. होज बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून बंद झालेला असतो, त्यामुळे नुसतं बघून ‘चांगला आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. बाबांच्या डायरीत होज शेवटचे कधी बदलले ते शोधा. नोंद सापडली नाही तर सगळे रबरी होज, चारही चाकांचे व्हील सिलिंडर किंवा त्यांचे किट, मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर तेल चाकांकडे ढकलणारा भाग) किट आणि ब्रेक ऑइल एकदमच बदला. पत्र्याच्या नळ्या गंजल्या असतील तर त्याही. शू नेहमी दोन्ही बाजूंचे बदलायचे, एका बाजूचे कधीच नाही. ड्रमला खाचा पडल्या असतील तर ते लेथवर घासून घ्या. शिवाजी उद्यमनगर तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. असं काम अचूक करणारे हात ज्या गावात आहेत तिथे तुम्ही राहता, जुन्या गाडीच्या मालकाला याहून मोठी सोय नाही.

आणखी एक बघून घ्या. जुन्या रचनेत मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांना तेल एकाच वाटेनं जातं. एका चाकाजवळ गळती झाली की पेडल थेट जमिनीला टेकतं. तुमच्या गाडीत वाट एक आहे की दोन, हे मिस्त्रीकडून समजून घ्या. एकच असेल तर दोन वाटांचं मास्टर सिलिंडर बसवणं हा मला मनापासून मान्य असलेला बदल आहे. तोवर हँडब्रेक चालता ठेवा, कारण अडचणीत तोच एक आधार. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर ब्रेक हलका दाबून थोडं अंतर चालवा, म्हणजे ड्रम सुकतात. ओल्या ड्रमचा पहिला ब्रेक लागतच नाही.

आता उन्हात बंद पडण्याचं. ‘पंधरा मिनिटांनी काही न करता चालू होते’ हे तुम्ही लिहिलंत, ते वाक्य लाखमोलाचं आहे. यामागे दोनच संशयित आहेत. एक म्हणजे पेट्रोलची नळीत किंवा पंपात वाफ होऊन वाट अडणं, ज्याला गॅरेजमध्ये व्हेपर लॉक म्हणतात. दुसरा म्हणजे तापल्यावर दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सर, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारे भाग. गार झाल्यावर दोन्ही सुधारतात, म्हणून लोक वर्षभर कार्बोरेटर साफ करत बसतात आणि कंडेन्सर तसाच राहतो. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की कडेला घ्या, बॉनेट उघडा आणि इंजिनवरच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवा. दोन मिनिटांत चालू झाली तर दोष पेट्रोलच्या वाटेत. फडक्यानं काही फरक पडला नाही तर मिस्त्रीला कॉइल आणि कंडेन्सर बदलून पाहायला सांगा. त्यात फार पैसे जात नाहीत.

मला व्हेपर लॉकचा संशय जास्त आहे, आणि त्याचं कारण आजचं पेट्रोल आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तुमची गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा असं पेट्रोल कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल लवकर वाफ धरतं. ते पाणी ओढतं, त्यामुळे टाकीला आतून गंज चढतो. जुन्या रबराला ते फुगवतं आणि चिरा पाडतं. जाळण्यासाठी त्याला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) मिश्रण पातळ होतं, हवा जास्त आणि इंधन कमी पडतं, आणि इंजिन अधिक तापतं. त्याच्यात उष्णता पेट्रोलच्या जवळपास दोन तृतीयांशच असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणावर लिटरमागे सहा-सात टक्के ताकद कमी भरते. ॲव्हरेज थोडं उतरलं तर घाबरू नका.

म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची पेट्रोलची प्रत्येक रबरी नळी बदला, आणि इथेनॉल चालणारी, फ्युएल इंजेक्शनच्या दर्जाचीच घ्या. दुकानात मीटरवर मिळणारी साधी काळी नळी घेऊ नका. मी एकदा घाईत तशी घातली होती. खंबाटकी चढताना पेट्रोलचा वास आला, बॉनेट उघडलं तर नळी घामेजल्यासारखी ओली झालेली आणि शेजारी तापलेला सायलेन्सरचा पाइप. त्या दिवशी आम्ही घरी सुखरूप पोचलो, पण गाडीत मागे दोन मुलं होती, हे मी आजतागायत विसरलो नाही. तेव्हापासून पुढच्या सीटखाली एक किलोचा पावडरचा अग्निशामक असतो. तुम्हीही ठेवा. पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारा घ्या, नळी सायलेन्सरपासून लांबून न्या, जिथे जवळून जाणं टळत नाही तिथे उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळा. कार्बोरेटरचा मुख्य जेट एक नंबर मोठा करून पाहा. करण्याआधी आत्ताचा नंबर डायरीत लिहा, आणि नंतर प्लग काढून त्याचा रंग बघा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर मिश्रण अजून पातळ आहे.

तापण्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन दणकट, पण त्याचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं. ते एकदा जास्त तापलं की वाकडं होतं आणि हेड गॅसकेट जातं. नळाचं साधं पाणी घातलं की आतून ॲल्युमिनियम खात जातं. रेडिएटरच्या नळ्या आतून साफ (रॉडिंग) करून घ्या आणि चांगलं कूलंट भरा. कुणी ‘आपल्याकडे ऊन आहे, थर्मोस्टॅट काढून टाकू’ म्हटलं तर ठाम नाही म्हणा. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. थर्मोस्टॅट काढला की इंजिन लवकर गरम होत नाही, गार इंजिनात पेट्रोल तेलात उतरतं आणि सिलिंडर झिजतात. तुमचा प्रवास एका वेळी दहा किलोमीटरचा आहे, त्यामुळे तुमच्या गाडीला थर्मोस्टॅट इतरांपेक्षा जास्त हवा. रेडिएटरला विजेचा पंखा लावणं हा मात्र चांगला बदल आहे. सिग्नलला उभं असताना इंजिनवरचा पंखा मंद फिरतो, नेमक्या त्याच वेळी विजेचा पंखा हवा देतो.

पण त्या पंख्याला वीज पुरली पाहिजे, आणि इथे तुमचे मिणमिणते दिवे येतात. मंद गतीला दिवे पिवळे पडतात आणि गती दिली की उजळतात, ही डायनॅमोची, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या जुन्या यंत्राची, जुनी सवय. अल्टरनेटर हे त्याच कामाचं नवं यंत्र. बॉनेट उघडून पाहा. लांबट नळकांड्यासारखं दिसलं तर डायनॅमो, आखूड जाड आणि जाळीदार असेल तर अल्टरनेटर. डायनॅमो असेल तर अल्टरनेटर बसवा. रोजच्या वापरासाठी मी पैसे खर्च करायला सांगेन असा हा एक नंबरचा बदल. बसवताना जुना कटआउट (डायनॅमोची वीज आवरणारी डबी) वायरिंगमधून काढावा लागतो आणि बॅटरीकडे जाणारी वायर जाड घालावी लागते, हे इलेक्ट्रिशियनला माहीत आहे ना, ते आधी विचारा. आधीपासूनच अल्टरनेटर असेल तर फॅन बेल्टचा ताण, बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी तपासा. त्या एका गंजलेल्या पट्टीपायी किती चांगले अल्टरनेटर भंगारात गेले असतील!

हेडलाइटसाठी रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) लावा. मूळ रचनेत दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचमधून जातो आणि वाटेत बराचसा हरवतो. रिलेनं बॅटरीपासून सरळ वायर आली, मध्ये फ्यूज असला, की तेच बल्ब दुप्पट उजेड देतात असं वाटतं. बल्ब ६०/५५ वॅटचे हॅलोजनच ठेवा. जुन्या परावर्तकात एलईडी घातला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. मागचे दिवे मात्र जरूर वाढवा. पद्मिनीचे मागचे दिवे लहान आहेत, आणि मागून येणाऱ्याला तुम्ही ब्रेक लावला हे लवकर कळायला हवं. काचेच्या वरच्या कडेला तिसरा ब्रेक लाइट लावता येतो.

सीट बेल्ट आहेत का ते तुम्ही लिहिलं नाही. नसतील तर ब्रेकपाठोपाठ दुसरं काम हेच. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून बेल्ट लावू नका, झटक्यात पत्रा फाटतो. मागून जाड लोखंडी पट्टी देऊन मगच बोल्ट. त्याच वेळी फ्लोअर आणि दारांखालची पट्टी टोकदार हत्यारानं टोचून पाहायला सांगा. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार उचलते. म्हणून खालचा गंज हा दिसण्याचा प्रश्न नसून ताकदीचा आहे. लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारणारा पेंटर नको, सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणारा डेंटर शोधा.

आता दीरांच्या सूचनेबद्दल. त्यांच्या बोलण्यामागे तुमची काळजी आहे, हे मला कळतं. पण मारुतीचं इंजिन बसवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही. निर्मात्यानं दिलेल्या रचनेला विसंगत बदल चालणार नाहीत, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं. आरसीवर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं असेल तर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद तुम्हीच ओढवून घेता. कायदा बाजूला ठेवला तरी पद्मिनीचे ब्रेक, मागचा ॲक्सल आणि पाटे चाळीसेक अश्वशक्तीच्या हिशेबानं बनले आहेत. जास्त ताकद घातली की एकेक करून सगळंच बदलावं लागतं, आणि शेवटी बाबांच्या गाडीचा फक्त पत्रा उरतो. अशा अर्धवट गाड्या गॅरेजांच्या मागे ताडपत्रीखाली पडलेल्या मी पाहिल्या आहेत. पाहून जीव तुटतो. तुमचं जुनं इंजिन खरंच थकलं असेल, तेल जाळत असेल, तर उद्यमनगरात बोअर करून नवे पिस्टन घालता येतात. ते काम त्या गावाला नवं नाही.

स्टिअरिंग जड लागून पॉवर स्टिअरिंगची गरज वाटत असेल, तर ती बहुधा टायरची कमी हवा आणि पुढच्या कोरड्या ग्रीस निपलांमुळे (ग्रीस भरायच्या तोट्या). ग्रीस गन घेऊन सगळे निपल भरून घ्या, मग सांगा. मूळचे ५.२०-१४चे क्रॉसप्लाय (जुन्या धाटणीचे) टायर असतील तर १४ इंची रेडियल घाला. बाहेरचा व्यास मूळ टायरच्या जवळपास राहील एवढं बघा, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलेल आणि वळताना टायर मडगार्डला घासेल. ओल्या रस्त्यावर गाडी थांबण्यात जो फरक पडतो तो पहिल्याच पावसात जाणवेल.

व्हिंटेजच्या नंबरचा सल्ला तुमच्यासाठी सपशेल चुकीचा आहे, आणि तो पुष्कळांना मिळतो म्हणून सविस्तर सांगतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडीच व्हिंटेज ठरते. तुमची गाडी तिथे २०३८ साली पोचेल. नव्या व्हिंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये आहे, पण त्याहून महत्त्वाची अट अशी की तशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तुम्हाला जे करायचं आहे नेमकं तेच तिथे बंद होतं. तुम्ही साध्या नोंदणीवरच राहा. दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. १९८८ची गाडी, पंधरा वर्षं २००३ ला संपली, त्या हिशेबानं आत्ताची मुदत २०२८ पर्यंत असावी. आरसी काढून खात्री करा. २० वर्षांवरच्या मोटारींची नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये वाढून १०,००० रुपये झाली आहे, त्याची तजवीज ठेवा.

आरसी अजून बाबांच्या नावावर असेल तर हे काम आधी करा. मालकाच्या निधनानंतर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ असतो आणि त्याची मुदत तीन महिन्यांची. उशीर झाला असेल तर दंड भरून होतं, पण तसंच चालवत राहू नका. बाबांचं नाव पुसायला मन घेत नाही, हे मला माहीत आहे. आमच्या घरीही वर्षभर कुणी त्या कागदाला हात लावला नव्हता. पण उद्या काही झालं तर विम्याचा कागद तुमच्या बाजूनं उभा राहिला पाहिजे. उच्च सुरक्षा नंबर प्लेट आणि पीयूसी आहेत ना, तेही त्याच फेरीत पाहून घ्या.

सुटे भाग मिळतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसचा परिसर इथे आजही पद्मिनीचं सामान निघतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली. तोवर या गाड्या मुंबईच्या उन्हापावसात दिवसरात्र चालत होत्या, म्हणून सामानाचा साठाही मोठा झाला. मात्र एक लक्षात ठेवा. जुन्या पुडक्यातलं, कधीच न वापरलेलं धातूचं सामान डोळे झाकून घ्या. जुन्या पुडक्यातलं रबर कधीही घेऊ नका. वीस वर्षं फळीवर पडलेलं ऑइल सील नवं असूनही मेलेलंच असतं.

यजमानांच्या म्हणण्यावर माझं मत विचाराल तर रविवारपुरती गाडी ठेवणं हेच या गाड्यांना मानवत नाही. उभ्या गाडीचे सील सुकतात, टाकीत पाणी साचतं, ब्रेक जाम होतात, बॅटरी उतरते. तुमचा उजवा ब्रेकही मधल्या दोन वर्षांच्या उभं राहण्यानंच गेला असावा. रोज वीस किलोमीटर चालणारी पद्मिनी रविवारच्या पद्मिनीपेक्षा निरोगी राहते. फक्त तिला तिच्या चालीनं चालवा. महामार्गावर साठ, डावी लेन, आणि पुढच्या गाडीपासून तुम्हाला पुरेसं वाटतं त्याच्या दुप्पट अंतर. दर पाच हजार किलोमीटरना किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, २०डब्ल्यू-५०चं साधं मिनरल तेल. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या प्लॅटिनम पॉइंटची फट ०.४५ मिलिमीटरच्या आसपास. ती तपासणं तुम्ही स्वतः शिका. फीलर गेज आणि स्क्रू ड्रायव्हर लागतो, अर्ध्या तासाचं काम आहे. डिकीत एक फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सरचा जोड, कॉइल, दोन होज क्लॅम्प आणि पाच लिटर पाणी ठेवा. हे सगळं असताना घरात दुसरी गाडी आली तर तिलाही नाही म्हणू नका. पद्मिनी आठ दिवस गॅरेजला असेल तेव्हा तुमची हजेरी चुकायला नको.

ब्रेक उघडले की उजव्या ड्रममध्ये काय निघालं ते मला कळवा. आणि बाबांच्या डायरीत कार्बोरेटरच्या जेटचा नंबर कुठे लिहिलेला असेल तर तोही पाठवा. ज्या माणसानं प्रत्येक कामाचे किलोमीटर टिपून ठेवले त्यानं हाही टिपला असणार, मागची पानं बघा.